सावकाश चालणारी

तीस वर्षे मी मुलींच्या एका शाळेत गणित शिकवले. वर्गात शिरल्यावर मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि कोणाचा हात आधी वर होतो ते पाहायचे, ही माझी रीत. जिचा हात आधी वर, ती हुशार. हा हिशेब मला इतका सरळ वाटे, की त्याचा ताळा करून पाहावा असे कधी मनातही आले नाही.

एका वर्षी नववीत एक मुलगी होती. तिचे उत्तर बहुधा बरोबर असे, परंतु घंटा होऊन गेल्यावर येई. "बाई, मला जरा वेळ लागतो," असे ती म्हणे. सहामाहीचा पेपर परत देताना मी तिला म्हटले, "तुझा पिंड गणिताचा नाही ग. पुढे दुसरे काहीतरी घे." तिने मान हलवली आणि खरोखरच दुसरे काहीतरी घेतले. मी ते विसरूनही गेले.

2017 च्या जुलैत वर्तमानपत्रात एक मृत्युवार्ता वाचली आणि ती मुलगी एकदम डोळ्यांपुढे उभी राहिली. वार्ता मरियम मिर्झाखानी हिची होती. इराणात जन्मलेली, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गणिताची प्राध्यापक असलेली ही बाई 14 जुलैला कर्करोगाने गेली. वय अवघे 40. तेव्हापासून तिच्याविषयी मिळेल ते मी वाचत आले आहे.

मरियम 12 मे 1977 रोजी तेहरानमध्ये जन्मली. ती तीन वर्षांची असताना इराण-इराक युद्ध पेटले, ते 1988 पर्यंत चालले. युद्ध संपले तेव्हा तिचे प्राथमिक शिक्षण संपत आले होते. आपण नशीबवान, असे ती पुढे म्हणे. लहानपणी तिला लेखिका व्हायचे होते. हाती येईल ते पुस्तक ती वाचून काढी. गणिताची पहिली गोडी मोठ्या भावाने लावली. एक ते शंभर ह्या संख्यांची बेरीज लहानग्या गाउसने क्षणात कशी केली, ती गोष्ट त्याने तिला सांगितली. पहिली आणि शेवटची मिळून 101, अशा पन्नास जोड्या, म्हणजे 5050. ती युक्ती तिला फार सुंदर वाटली.

पुढे ती फर्जानेगान ह्या हुशार मुलींच्या शाळेत गेली आणि पहिल्याच वर्षी गणितात मागे पडली. हिला विशेष गती नाही, असे तिच्या शिक्षकांचे मत झाले. एकदा 20 पैकी 16 गुणांचा पेपर हाती आला, तेव्हा तिने तो फाडून दप्तरात कोंबला आणि मैत्रिणीला सांगितले, की आता गणिताचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले.

मरियमचे दैव एवढेच, की दुसऱ्या वर्षी शिक्षक बदलले. ह्या शिक्षकांनी तिला धीर दिला. शाळेच्या मुख्याध्यापिकाही खंबीर होत्या. मुलांच्या शाळांत चालतात तसे ऑलिंपियाडचे वर्ग मुलींनाही मिळावेत, म्हणून त्यांनी खटपट केली. 1994 मध्ये हाँगकाँगला मरियमने सुवर्णपदक मिळवले. 1995 मध्ये टोरंटोला पुन्हा सुवर्ण, आणि ह्या वेळी 42 पैकी 42 गुण.

तेहरानच्या शरीफ विद्यापीठात शिकत असताना, 1998 मध्ये, स्पर्धेहून परतणारी विद्यार्थ्यांची बस दरीत कोसळली. सात तरुण गणिती गेले. त्या बसमध्ये मरियम होती, ती वाचली. पदवी घेऊन ती हार्वर्डला गेली आणि कर्टिस मॅकमलन ह्यांच्या हाताखाली 2004 मध्ये डॉक्टर झाली. त्यांच्या व्याख्यानांना बसून ती प्रश्नांमागून प्रश्न विचारी. टिपणे मात्र फारसीत काढी.

तिने केले काय, हे फराळाच्या ताटावरून थोडेसे सांगता येईल. एका कडबोळ्याला मधोमध एक भोक असते. दोन कडबोळी कडेला कडा लावून एकजीव केली, की दोन भोकांचे पृष्ठ तयार होते. मरियमच्या पृष्ठांचा बाक मात्र सर्वत्र खोगिरासारखा. तो मनातच पाहावा लागतो. आता ह्या पृष्ठावर एक दोरा असा ताणून गुंडाळा, की तो निघाला तिथेच येऊन मिळेल आणि वाटेत स्वतःला कोठेही छेदणार नाही. ठराविक लांबीच्या आत असे दोरे किती बसतील? छेदण्याची मुभा असेल तर काय होते, ते आधीच ठाऊक होते. संख्या भडकत जाते. न छेदणारे दोरे मात्र मोजता येत नव्हते. मरियमने दाखवले, की लांबी पुष्कळ वाढल्यावर ती दुप्पट केली तर दोन भोकांच्या पृष्ठावर ही संख्या सुमारे 64 पट होते, तीन भोकांच्यावर 4096 पट.

हे सारे तिने धिमेपणाने केले. आपण सावकाश विचार करणाऱ्यांतल्या आहोत, असे ती स्वतःच सांगे. जमिनीवर मोठमोठे कागद पसरून ती तासन्‌तास त्याच त्या आकृत्या काढी. तिची चिमुरडी अनाहिता म्हणे, आई पुन्हा चित्रे काढते आहे. ॲलेक्स एस्किन ह्यांच्याबरोबरच्या तिच्या एका सिद्धतेला कित्येक वर्षे लागली. ज्या बाईजवळ आयुष्य एवढे थोडे होते, तिने घाई म्हणून केली नाही.

1936 पासून 2010 पर्यंत गणितातले फील्ड्स पदक 52 जणांना जाहीर झाले. त्यांत एकही स्त्री नव्हती. 2014 मध्ये सोलला ते मरियमला मिळाले, तेव्हा ती दुखण्याशी झगडत होती. मायदेशात काही पत्रांनी छापताना तिच्या छायाचित्रावर केस झाकणारे वस्त्र चढवले. तीन वर्षांनी ती गेली, तेव्हा त्याच देशातल्या काही पत्रांनी रिवाज मोडून तिचा चेहरा होता तसा, उघड्या केसांनिशी छापला. तिचे पती चेक. इराणी आईच्या मुलांना वडील परके असल्यास तिथले नागरिकत्व मिळत नसे. अनाहितामुळे ह्या नियमाची चर्चा जोरात सुरू झाली आणि 2019 मध्ये कायदा बदलला. 12 मे हा तिचा जन्मदिवस आता गणितातल्या स्त्रियांचा दिवस म्हणून जगभर पाळतात.

वाचकहो, माझ्या वर्गात मरियम होती असे मला म्हणायचे नाही. ती मुलगी आज चाळिशीत असेल, कदाचित सुखातही असेल. परंतु मरियमला पुढल्या वर्षी दुसरे शिक्षक भेटले. त्या मुलीला दहावीपर्यंत मीच होते. घड्याळ टेबलावर ठेवून मी जे मोजत होते ते गणित नव्हते, हे मला कळायला निवृत्तीनंतरही बरीच वर्षे लागली. त्यालाही, म्हणायचे तर, वेळच लागला.