एका कापड व्यापाऱ्याचे मृत्युपत्र

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कॉगेशॉल गावी टॉमस पेकॉक नावाचा एक कापड व्यापारी होऊन गेला. इ. स. १५१८ मध्ये तो निवर्तला. त्याने ना लढाई जिंकली, ना राज्य केले. तरीही वाचकांना त्याचे नाव ठाऊक आहे, याचे श्रेय आयलीन पॉवर या विदुषीच्या ‘मिडीव्हल पीपल’ (१९२४) या ग्रंथास द्यावे लागेल.

पॉवर (१८८९-१९४०) प्रथम केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात शिकवीत. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्या आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापिका झाल्या. १९२०-२१ च्या प्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या होत्या. इतिहास सामान्य वाचकाने गोडीने वाचावा, परंतु त्यातील प्रत्येक विधानास कागदाचा आधार असावा, हा त्यांचा कटाक्ष. ग्रंथात सहाच व्यक्ती आहेत. शार्लमेनच्या काळचा बोडो हा शेतकरी त्यांनी पॅरिसच्या एका मठाच्या जमीन-नोंदवहीतून उभा केला. लोकरीचा व्यापारी टॉमस बेटसन जुन्या पत्रव्यवहारातून. मार्को पोलोचे प्रकरण मात्र वाचकास फारसे नवीन वाटत नाही.

पेकॉकचे प्रकरण व्यापारी मनुष्याने अवश्य वाचावे. पेकॉक लोकर खरेदी करी, कातण्या-विणण्यास घरोघरी देई आणि तयार ठाण आपल्या पेढीवरून विकी. इचलकरंजीस मजुरीवर कापड विणून घेण्याची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे सारे ओळखीचेच वाटेल. मृत्युपत्रात त्याने विणकर, खुंदळणारे आणि लव कातरणारे यांना प्रत्येकी १२ पेन्स ठेवले. ज्यांनी पुष्कळ काम केले त्यांना प्रत्येकी ३ शिलिंग ४ पेन्स. पिंजणारे व कातणारे यांना सर्वांत मिळून ४ पौंड! तो किती जणांत वाटला गेला, कोण जाणे.

येथे पॉवर यांची लेखणी पेकॉकविषयी जरा अधिकच मृदू होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. मृत्युपत्र हा मालकाचा कागद. मरतेसमयी कोणीही उदार होतो. वर्षभर मजुरीचा दर काय होता, हिशेबात घासाघीस किती चाले, हे कातणाऱ्या बायांच्या तोंडून कळले असते. पण त्यांनी कागद मागे ठेवले नाहीत. अर्थात, व्यापाऱ्याने मजुरांची आठवण लेखी ठेवली, हेही थोडे नव्हे.

पेकॉकचे घर, ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९२४ मध्ये, इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आले. त्याच्या दर्शनी लाकडावर पेकॉकची व्यापारी छाप कोरलेली आहे.