नाताळच्या सुट्टीतली मेणबत्ती

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नाताळच्या रात्री घरोघरी एक खेळ रंगायचा. पसरट ताटलीत ब्रँडी ओतायची, तीत मूठभर बेदाणे टाकायचे, खोलीतले दिवे मालवायचे आणि ब्रँडीला काडी लावायची. निळ्या ज्वाळांतून बोटं भाजू न देता बेदाणा उचलून तोंडात टाकायचा. या खेळाचं नाव स्नॅपड्रॅगन. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेंनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नेमका हाच खेळ मांडला. ताटली म्हणजे दिव्याची वाटी, ब्रँडी म्हणजे इंधन आणि बेदाणे म्हणजे वाती, असं त्यांनी दाखवून दिलं. मग त्यांनी विचारलं, की या ज्वाळेच्या अशा वेगवेगळ्या जिभा का होतात? हवा ताटलीच्या काठावरून आत शिरते, पण तिचा जोर सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे ज्योत एकसंध न राहता तुटते आणि तिच्या कितीतरी छोट्या ज्योती होतात. समोर बसलेल्या मुलांनी हा खेळ आपापल्या घरी पाहिलेला होता. त्या दिवशी फरक पडला तो एका प्रश्नाचा.

सणासुदीला शाळकरी मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायची प्रथा आज जगभर आहे, आणि तिचा सर्वांत जुना, अखंड म्हणावा असा धागा याच संस्थेपर्यंत जातो. त्या इतिहासातून मला एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. या प्रथेने मूळ धरलं ते सणाच्या रोषणाईच्या जोरावर नव्हे. सणामुळे घरात आलेली एखादी साधी वस्तू मुलाच्या हातात असते आणि सुट्टीमुळे त्याच्या डोक्यावर परीक्षा नसते. या दोन गोष्टी जुळल्या म्हणून ती रुजली. जिथे यातली एक जरी निसटते, तिथे उरतो तो फक्त तमाशा.

रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना 1799ची. अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या तिच्या इमारतीत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांना मोठ्यांची झुंबड उडायची. मुलांसाठी वेगळी व्याख्यानं सुरू झाली 1825मध्ये. ती फॅरडेंनी सुरू केली असं सर्रास सांगितलं जातं, पण पहिली माला जॉन मिलिंग्टन यांनी दिली. विषय होता पदार्थविज्ञान आणि व्याख्यानं होती 22. मुळातली योजना नाताळापुरती नव्हती. ईस्टर आणि व्हिट्सनच्या सुट्ट्याही तिच्यात धरलेल्या होत्या. म्हणजे संचालकांच्या मनात सण नव्हता, सुट्टी होती. मुलं शाळेतून घरी आलेली असतील, आईबाप त्यांना घेऊन येऊ शकतील, हा सरळ हिशेब होता. त्या काळी इंग्लंडमधल्या बड्या शाळांत लॅटिन आणि ग्रीकचा दिवसभर रट्टा चाले आणि विज्ञानाला जवळपास जागाच नव्हती. शाळा जे देत नव्हती ते शाळा बंद असतानाच देणं शक्य होतं.

आणखी एक गोष्ट तारखा शेजारी ठेवल्या की लक्षात येते. आज आपण ज्याला इंग्रजी नाताळ म्हणून ओळखतो, त्यातलं बरंच काही 1825 नंतरचं आहे. हेन्री कोल यांचं पहिलं नाताळ-भेटकार्ड आणि डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही दोन्ही 1843ची. राणी व्हिक्टोरियाच्या घरातल्या नाताळवृक्षाचं चित्र 1848मध्ये छापून आलं, त्यानंतर ते झाड सामान्य घरांत पोचलं. म्हणजे मुलांसमोरचे विज्ञानप्रयोग हे पारंपरिक सणावर नंतर चिकटवलेलं ठिगळ नाही. सण आजच्या रूपात घडत होता त्याच दिवसांत ही प्रथाही त्याच्याबरोबर घडत होती. धर्माचा आणि विज्ञानाचा हा मेळ ओढूनताणून आणलेला आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला हे एक उत्तर. दुसरं उत्तर खुद्द फॅरडेंचं आयुष्य. ते निष्ठावान ख्रिस्ती होते, पण ज्या छोट्या सँडेमनियन पंथाचे होते त्या पंथात नाताळ हा धार्मिक सण म्हणून पाळत नसत. ज्याच्या घरी नाताळ नव्हता, त्याच माणसाने नाताळच्या व्याख्यानांना चेहरा दिला. त्यांना सणाचा उपदेश करायचा नव्हता. मुलं मोकळी होती आणि दिवे लागलेले होते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

1827 ते 1860 या काळात फॅरडेंनी अशा 19 माला दिल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली मेणबत्तीवरची. ती त्यांनी प्रथम 1848च्या नाताळात दिली आणि 1860च्या नाताळात, आपली शेवटची माला म्हणून, पुन्हा दिली. सहा व्याख्यानं आणि विषय एकच, जळणारी मेणबत्ती. सुरुवात मेणबत्त्या दाखवण्यापासून होते: चरबीत बुडवून केलेल्या, साच्यात ओतलेल्या, जपानहून आलेल्या. त्यांत एक मेणबत्ती ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेवरची होती. 1782मध्ये बुडालेल्या त्या जहाजातून ती 57 वर्षांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहून वर आली होती, तडकलेली, मोडकळलेली. पेटवल्यावर ती नीट जळू लागली. मुलांना ते पाहून काय वाटलं असेल याची कल्पना करता येते, पण फॅरडे तिथे रेंगाळले नाहीत. त्यांनी लगेच विचारलं की घट्ट मेण वर ज्योतीपर्यंत चढतं कसं? उत्तरासाठी त्यांनी मिठाचा एक खांब ताटलीत उभा केला आणि तळाशी मिठाचं निळं संपृक्त पाणी ओतलं. आधीच मिठाने भरलेलं पाणी खांबाला विरघळवू शकत नाही, म्हणून ते त्याच्यातल्या बारीक फटींतून वर वर चढताना दिसतं. टॉवेलचं एक टोक पाण्यात राहिलं तर पाणी काठावरून बाहेर येतं, तेही याच कारणाने. वातीतून मेण चढतं तेही असंच.

पुढचे प्रयोगही याच घराण्यातले. मेणबत्ती हलकेच विझवायची आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या वाफेला दोन-तीन इंचांवरून जळती काडी लावायची. ज्योत त्या वाफेवरून उडी मारून वातीवर परत बसते. म्हणजे जळतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. ज्योतीच्या मधोमध वाकडी काचनळी धरली तर ती वाफ नळीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला पेटवता येते. ज्योतीत आडवा कागद क्षणभर धरला तर त्यावर जळक्याचं कडं उमटतं आणि मध्यभाग कोरा राहतो, कारण उष्णता कडेला आहे. ज्योतीवर बर्फ-मिठाने गार केलेलं भांडं धरलं की त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! तिथून हायड्रोजन, हायड्रोजनपासून प्राणवायू, प्राणवायूपासून हवा, आणि सहाव्या व्याख्यानात माणसाचा श्वास. मेणबत्ती जे करते तेच आपलं शरीर करतं, असं सांगताना त्यांनी आकडा दिला: माणूस दिवसभरात सुमारे 7 औंस, म्हणजे जवळजवळ 200 ग्रॅम कार्बन श्वासावाटे बाहेर टाकतो. एवढा लांबचा प्रवास मुलं करू शकली, कारण निघताना त्यांच्या हातात ओळखीची वस्तू होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फॅरडेही डोळे दिपवणारे प्रयोग करत होतेच की. पाण्यावर टाकलेलं पोटॅशियम जांभळ्या ज्योतीने धावत सुटे, पाणी गोठून जाड लोखंडी बाटली फुटे, बॅटरीच्या विजेवर लख्ख दिवा लागे. मग आजच्या कार्यक्रमांतल्या कोरड्या बर्फाच्या धुराला आणि फेसाच्या कारंज्याला नावं का ठेवायची? आक्षेप खरा आहे, पण क्रम पाहायला हवा. पोटॅशियम आलं ते मेणबत्तीतून निघालेला थेंब खरंच पाण्याचाच आहे का, हे तपासायला. विजेचा दिवा आला तो ज्योतीची सावली पाडायला, आणि त्या सावलीत एक विलक्षण गोष्ट दिसली: ज्योतीचा जो भाग सर्वांत उजळ, त्याचीच सावली सर्वांत गडद. प्रकाश देणाऱ्या त्या भागात कार्बनचे घन कण आहेत, हे पुढच्या व्याख्यानात कळणार होतं. भव्य प्रयोग इथे आधीच उभ्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतो. प्रश्नाविना आलेला धूर मुलाला आवडतो, टाळी घेतो आणि संध्याकाळपर्यंत विरतो. माझी तक्रार झगमगाटाबद्दल नाही. तो प्रश्नाच्या आधी येतो, ही माझी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप वयाचा: हे सगळं प्राथमिक शाळेतल्या मुलांना झेपतं का? यावर फॅरडेंची साक्षच आहे. 1862मध्ये इंग्लंडच्या बड्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्यांनी सांगितलं, की नाताळच्या व्याख्यानांत समजू न शकणारं इतकं लहान मूल त्यांना कधी भेटलंच नाही. मुलं नंतर येऊन जे प्रश्न विचारत त्यांतून त्यांची समज दिसे. ही साक्ष नुसत्या मुलांवरच्या मायेची नव्हती. 1853च्या सुमारास लंडनमध्ये टेबलं आपोआप फिरवण्याचं खूळ बोकाळलं होतं. फॅरडेंनी प्रयोग करून दाखवलं होतं की टेबलाभोवती बसलेल्या माणसांचेच हात नकळत ते ढकलतात. सुशिक्षित मोठी माणसं पुरावा पारखू शकत नाहीत हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणूनच ही सवय लहानपणी लागावी असा त्यांचा आग्रह होता.

तिसरा आक्षेप मात्र टाळता येत नाही. ही व्याख्यानं श्रीमंतांच्या मुलांसाठी होती. 27 डिसेंबर 1855च्या व्याख्यानाला राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट आपल्या दोन मुलांना घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. त्या प्रसंगाचं अलेक्झांडर ब्लेकलींनी काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. लोहाराचा मुलगा असलेल्या फॅरडेंना स्वतः तरुणपणी डेव्हींची व्याख्यानं ऐकायला मिळाली ती बुकबाइंडरच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तिकिटं दिली म्हणून. तेव्हा दाराबाहेर कोण राहतं हे त्यांना ठाऊक होतं. पण याच आक्षेपातून माझा मुद्दा पक्का होतो. मेणबत्तीचं व्याख्यान त्या दाराबाहेर पडू शकलं, कारण त्याला लागणारं सामान प्रत्येक घरात होतं. 1850मध्ये डिकन्सनी फॅरडेंकडून टिपणं मागून घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात एक लेख आला. त्यात व्याख्यान ऐकून आलेला हॅरी नावाचा मुलगा घरी मामा-काकांच्या वयाच्या मोठ्या माणसाला मेणबत्तीचं रसायन समजावतो. 1861मध्ये विल्यम क्रुक्स यांनी सहाही व्याख्यानं पुस्तकरूपात आणली. जपानमध्ये एका बाईंनी प्राथमिक शाळेच्या चौथीतल्या मुलाला ते पुस्तक वाचायला सांगितलं. तो मुलगा म्हणजे अकिरा योशिनो, लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019चं नोबेल मिळवणारे रसायनशास्त्रज्ञ. राजपुत्राच्या शेजारची खुर्ची त्यांना मिळाली नव्हती. मेणबत्ती मिळाली होती.

पुढे ही माला दुसऱ्या महायुद्धात, 1939 ते 1942, खंडित झाली, कारण लंडनमधली मुलंच गावोगावी हलवली होती. 1966पासून ती दरवर्षी टीव्हीच्या पडद्यावर आली, आणि दाराचा प्रश्न त्याने बराचसा सुटला. पण पडद्याने एक गोष्ट घेतलीही. पाहणं सगळ्यांना मिळालं, करणं मागे पडलं.

आपल्याकडे या गोष्टीचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. फॅरडे मेणबत्तीची पहिली माला देत होते त्याच 1848मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा काढली, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले आणि 1850पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागलं. मराठीत विज्ञान आणण्याचं थोर काम त्या पिढीने केलं, पण त्या सभेचा जीव निबंधवाचनात होता. आपण विज्ञान वाचायला शिकलो तिथून. हातांनी करायला शिकवणारी परंपरा उशिरा आली: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मराठी विज्ञान परिषद, पुण्याच्या आयुकात शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणारी सप्रयोग व्याख्यानं. ही सगळी आपल्या कौतुकाची आहेत. तरी आपल्या सर्वांत मोठ्या सणाच्या सुट्टीत, दिवाळीत, घरोघरी पणत्या लागलेल्या असताना मुलांच्या हातात बहुधा सुट्टीचा अभ्यासच असतो.

आणि पणतीकडे तर फॅरडेंच्या मेणबत्तीपेक्षाही काकणभर जास्त आहे. तेल आधीच पातळ असल्याने वात ते कसं ओढते हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आपल्या आज्या दिव्यावर वाटी धरून काजळ धरत आल्या, ते काजळ म्हणजेच ज्योतीला उजेड देणारे कार्बनचे कण. प्राथमिक शिक्षकांना माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीत सुट्टीचा अभ्यास म्हणून दोनच वाट्या सांगा. घरातलं मोठं माणूस शेजारी बसवून पणतीवर एक वाटी चिमट्याने ज्योतीत धरायची. दुसरी, बाहेरून कोरडी पुसलेली आणि आत बर्फ घातलेली, ज्योतीच्या थोडी वर धरायची. पहिलीला काजळ येतं आणि दुसरीच्या बुडाला दव. एकाच ज्योतीतून दोन वेगळ्या गोष्टी कशा निघाल्या, हे मुलांनी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून आणावं, आणि शाळा उघडल्यावर पहिला तास त्या वह्यांना द्यावा.