१६०२ ची कुळकथा

टिनबंद मांस परदेशातून बंदरात उतरलं की कस्टम्सच्या कागदांवर बहुतेक वेळा त्याची नोंद १६०२ या शीर्षकाखाली होते. साहजिकच हे शीर्षक डब्यासाठीच केलेलं असावं, असं वाटतं. पण त्याच्या शब्दांत डब्याचा उल्लेखच नाही. ते विचारतं एवढंच, की मांसावर काय प्रक्रिया झाली?

हा प्रश्न उभा केला तो मात्र डब्यानेच. पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासाला मांस जायचं ते खारवून, वाळवून किंवा धुरी देऊन. निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने अन्न काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात ठेवलं आणि ते टिकवून दाखवलं. कृती जाहीर करण्याच्या अटीवर १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी पीटर ड्युरंडने इंग्लंडमध्ये घेतलेल्या पेटंटात कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे डबे आले. पुढे उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसच्या कारखान्यातून कॉर्न्ड बीफ युरोपभर जाऊ लागलं. शिजलेलं मांस आता जगाच्या बाजारातला माल झालं होतं.

त्यावर जकात बसवायची तर नाव हवं, आणि प्रत्येक देशाची यादी वेगळी. १९१३ मध्ये ब्रसेल्सला व्यापाराच्या आकडेवारीसाठी एक सामायिक यादी ठरली: ५ गट, १८६ नोंदी. राष्ट्रसंघाने जिनिव्हाला आपली यादी केली आणि १९३७ मध्ये ती सुधारून ९९१ शीर्षकांपर्यंत नेली. जकातीसाठीच्या सामायिक यादीचा १९५० चा ब्रसेल्स करार १९५९ मध्ये अमलात आला. त्यातल्या सोळाव्या प्रकरणात सॉसेजला १६.०१ आणि इतर तयार किंवा टिकवलेल्या मांसाला १६.०२ मिळालं. १९८८ पासून लागू झालेल्या हार्मोनाइज्ड सिस्टिमने, म्हणजे एचएसने, हाच आकडा पुढे चालवला आणि त्याला आणखी दोन अंक जोडले: १६०२४१ म्हणजे हॅम, १६०२५० म्हणजे गोवंशीय मांस.

एचएसची मांडणी कच्च्याकडून पक्क्याकडे जाते. जिवंत बकरा ०१०४ मध्ये, त्याचं ताजं किंवा गोठवलेलं मटण ०२०४ मध्ये, शिजवलेलं १६०२ मध्ये. खारवणं, वाळवणं, धुरी देणं या जुन्या रीती दुसऱ्या प्रकरणातच राहतात. म्हणून नुसतं वाळवलेलं मांस डब्यात भरलं तरी ते दुसऱ्या प्रकरणातून हलत नाही. नेहमीचा डबा मात्र बंद केल्यावर तापवतात, आतलं मांस शिजतं आणि माल सोळाव्या प्रकरणात जातो.

डब्यात मांसाबरोबर भात, घेवडा, मसाला असेल तर? मग वजनकाटा पुढे येतो. मांस, मासे वगैरे मिळून २० टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर पदार्थ सोळाव्या प्रकरणात. नाहीतर त्याला दुसरीकडे जागा शोधावी लागते. यालाही अपवाद आहेत. सूप २१०४ मध्ये जातं, सारण भरलेला पास्ता १९०२ मध्ये आणि कुत्र्या-मांजरांसाठी विकायचा डबा २३०९ मध्ये.

एवढा काथ्याकूट कशासाठी, याचं उत्तर एका कोंबडीच्या खटल्यात मिळतं. ब्राझील आणि थायलंडहून १.२ ते ३ टक्के मीठ लावलेले गोठवलेले तुकडे युरोपात जात. ‘खारवलेलं’ मानलं तर शुल्क १५.४ टक्के, ‘गोठवलेलं’ मानलं तर १०० किलोला १०२.४ युरो. युरोपीय समुदायाचं म्हणणं होतं, की ‘खारवलेलं’ म्हणायला मीठ हे मांस दीर्घकाळ टिकवण्यासाठी लावलेलं हवं. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने ते अमान्य केलं.

भारताने आपलं सीमाशुल्क दरपत्रक १९८६ मध्येच एचएसच्या साच्यात बसवलं. आज आपल्याकडे हा आकडा आठ अंकी आहे. पण आकडा असला म्हणजे मालाला दार उघडतंच असं नाही. आयात धोरण पाहावंच लागतं. गोमांस आणि ते असलेले पदार्थ आणायला इथे बंदी आहे. तिथे शुल्काचा दर किती, हा प्रश्नच उरत नाही.