तोफा कमी, वळण जास्त: आयर्नक्लॅडची लढाई एका तासात

हा आजच्या भागाचा लिखित अवतार. कान मोकळे नसतील, तर डोळ्यांनी ऐका.

आज बोलूया टेबलावरच्या नौदल युद्धाबद्दल. निळं कापड, बोटाएवढी जहाजं, दोन-तीन फासे आणि एक मोजपट्टी, बस. काळ साधारण १८६० ते १८९० चा. लाकडी जहाजांवर लोखंडी चिलखत चढलं, तो आयर्नक्लॅडचा जमाना.

या खेळाचे नियम ढिगाने मिळतात. काहींमध्ये प्रत्येक तोफेचा, चिलखताच्या प्रत्येक इंचाचा आणि प्रत्येक अंतराचा वेगळा तक्ता असतो. एक गोळा झाडायला पाच मिनिटं लागतात. रात्रीचे अकरा वाजतात, जहाजं जेमतेम समोरासमोर आलेली असतात आणि मित्र पुढच्या शनिवारी येत नाहीत. मी दिवसभर कोड लिहितो. तिथली सवय अशी, की ज्या ओळीने निकाल बदलत नाही ती काढून टाकायची. मग या खेळातून काय काढायचं आणि काय ठेवायचं? हे खऱ्या लढायांनाच विचारू.

पहिली लढाई, ९ मार्च १८६२, हॅम्प्टन रोड्स. अमेरिकेचं यादवी युद्ध. दक्षिणेचं 'व्हर्जिनिया' विरुद्ध उत्तरेचं 'मॉनिटर'. आदल्याच दिवशी 'व्हर्जिनिया'ने दोन मोठी लाकडी जहाजं संपवली होती: एक टक्कर मारून, एक जाळून. पण दोन चिलखती जहाजं भिडली तेव्हा तासन् तास गोळे झाडूनही कुणाचंच चिलखत फुटलं नाही. फरक होता तो वळण्यात. 'व्हर्जिनिया' साधारण २२ फूट खोल पाण्यात बुडलेली असायची आणि तिला पूर्ण फिरायला अर्धा तास लागायचा. 'मॉनिटर' साडेदहा फुटांतही तरंगायचं, पटकन वळायचं आणि त्याच्या दोन तोफा फिरत्या बुरुजात होत्या. शेवटी एक गोळा 'मॉनिटर'च्या सुकाणूघरावर फुटला, कॅप्टन वॉर्डनच्या डोळ्यांना इजा झाली आणि जहाज थोडा वेळ बाजूला गेलं. तिकडे ओहोटी लागल्यामुळे 'व्हर्जिनिया' परतली.

दुसरी लढाई, २० जुलै १८६६, लिसा. एड्रियाटिक समुद्रात ऑस्ट्रिया विरुद्ध इटली. ऑस्ट्रियाच्या टेगेटहॉफचा हुकूम होता: घुसा आणि टक्कर मारा. त्याच्या 'फर्डिनांड मॅक्स'च्या आधीच्या टकरा घसटून गेल्या. मग इटलीच्या 'रे दी'इतालिया'चं सुकाणू निकामी झालं, ते जवळपास जागीच थांबलं आणि तेव्हा टक्कर नेमकी बसली. काही मिनिटांत जहाज तळाला गेलं, सोबत सुमारे चारशे माणसं. 'पालेस्त्रो' गोळ्याने पेटलं आणि नंतर स्फोट होऊन बुडालं.

यातून जगभरच्या नौदलांनी उचललेला धडा असा, की टक्कर हेच हत्यार. पुढची कित्येक वर्षं जहाजांच्या नाकाला लोखंडी सुळे बसत राहिले. लक्ष्य जवळपास थांबलेलं होतं, ही अट मात्र सगळे विसरले.

त्याची किंमत कळली २२ जून १८९३ ला. लेबनॉनच्या त्रिपोलीजवळ ब्रिटिश आरमाराचा सराव चालू होता. जहाजांच्या दोन रांगांत अंतर साधारण १,१०० मीटर. अ‍ॅडमिरल ट्रायनने दोन्ही रांगांना एकमेकींच्या दिशेने उलट फिरायला सांगितलं. एका जहाजाला फिरायला साधारण ७३० मीटर जागा लागायची. दोघांची बेरीज तुम्हीच करा. 'कॅम्परडाउन'चा सुळा 'व्हिक्टोरिया'त घुसला आणि ट्रायनसकट ३५८ जण गेले. समोर शत्रू नव्हताच.

म्हणून माझा निकष सोपा आहे: तोफांचे तक्ते कापा, वळण कापू नका. एका तासात संपणारे नियम असे:

वळण: प्रत्येक जहाजासाठी पुठ्ठ्याचा एक कमान-तुकडा कापा. 'मॉनिटर'चा लहान, 'व्हर्जिनिया'चा मोठा. त्याहून तीव्र वळायचं नाही. कुठे वळणार ते आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग सगळ्यांनी एकदम जहाजं हलवायची. ट्रायनचा प्रश्न तुमच्या टेबलावर आपोआप येतो.

तोफ: एका वेळी एकच फासा. लाकडी जहाजावर ३ किंवा जास्त आलं तर नुकसान. अशी तीन नुकसानं झाली की ते संपलं. चिलखतावर फक्त ६ चालेल. ६ आलं तर पुन्हा टाका: १ म्हणजे सुकाणू गेलं, २ म्हणजे आग, ३ म्हणजे कॅप्टन जखमी, एक डाव गप्प बसा. बाकी नुसता पोचा. हे तिन्ही परिणाम वरच्या लढायांतूनच घेतलेत.

टक्कर: लक्ष्य चालतं असेल तर ६ लागेल. थांबलेलं किंवा सुकाणू गेलेलं असेल तर ३ पुरे.

एवढंच. सगळं एका पानावर मावतं आणि नव्या माणसाला पाच मिनिटांत समजतं.

सुरुवात 'मॉनिटर' आणि 'व्हर्जिनिया'पासून करा. कापडावर खडूने उथळ पाणी आखायला विसरू नका. ती लढाई जमली की मुंबईला या. हो, आपल्या मुंबईला! बंदराच्या रक्षणासाठी इंग्रजांनी १८७० च्या सुमारास दोन बुरूजवाली चिलखती जहाजं बांधली, 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया'. नावं १८६८ च्या इथिओपिया मोहिमेवरून, ज्या मोहिमेचं सैन्य मुंबईहूनच गेलं होतं. तीसेक वर्षं ती इथेच राहिली आणि एकाही लढाईत उतरली नाहीत. त्या काळी इंग्रजांना रशियाची धास्ती होती. ती खरी ठरली असती तर बंदरात काय झालं असतं? बसून बघा.

कुणाचं जहाज कुणाला धडकलं ते मला नक्की कळवा. आपल्याच जहाजाला धडकलात तर आधी कळवा!

भेटू पुढच्या भागात.