गुलामाचा हात थरथरतो तेव्हा

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका काकांकडून त्यांचं जुनं रेडिओ कंट्रोलचं विमान घेतलं. बाल्सा लाकडाचं, ग्लो इंजिनवालं ट्रेनर. "दहा-बारा वर्षं माळ्यावर होतं, पण सगळं चालू आहे बघ," काका म्हणाले. घरी आणून नवी बॅटरी जोडली, स्टिक हलवली. चारही सर्वो घरघरत हलले. मी खूश! पण स्टिक सोडल्यावर एलेव्हेटर जागच्या जागी थरथरत होता. अगदी किंचित.

एवढंसं थरथरलं तर काय बिघडतं, असं वाटेल. त्याचं उत्तर सर्वोच्या इतिहासात आहे, म्हणून जरा मागे जाऊया.

जोसेफ फार्को या फ्रेंच इंजिनिअरने जहाजाचं सुकाणू वाफेच्या जोरावर फिरवणाऱ्या यंत्रावर १८७३ साली पुस्तक लिहिलं आणि त्या यंत्राला सर्वो-मोटर म्हटलं. लॅटिनमध्ये 'सर्वुस' म्हणजे गुलाम. मालकाने चाक जितकं फिरवलं तितकंच सुकाणू फिरवायचं आणि थांबायचं. यातलं 'थांबायचं' महत्त्वाचं!

रेडिओवर चालणारी होडी निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवली. मॉडेल विमानांत हे आलं १९३०च्या दशकात. अमेरिकेतल्या कलामझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं विमान १९३७ साली रेडिओवर उडवलं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण त्यात सर्वो नव्हताच. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारं, घड्याळातल्यासारखं एस्केपमेंट होतं. सिग्नल आला की एक टप्पा पुढे. अशा यंत्रणेत रबराचा पीळ संपला की सुकाणूही संपलं!

पुढे १९५०च्या दशकात रीड आले. रिसीव्हरमध्ये वेगवेगळ्या सुरांना कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे जवळजवळ पेटीच. ज्या सुराची पट्टी थरारेल ती मोटर फिरणार. तरीही 'थोडंसं डावीकडे' हवं असेल तर बटण टिचक्या मारत दाबायचं. १९६०च्या दशकात डिजिटल प्रपोर्शनल पद्धत आली, आणि माझ्या विमानातले सर्वो तिचेच वंशज.

साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स येते. १.५ मिलिसेकंदांची असेल तर मध्यावर राहा, १ किंवा २ ची असेल तर एका किंवा दुसऱ्या टोकाला जा. आपला हात कुठे आहे हे सर्वोला आतल्या पोटेन्शियोमीटरवरून कळतं. फरक शून्य होईपर्यंत मोटर फिरवायची, बस्स. आपल्या भाषेत फीडबॅक लूप :)

आता गंमत बघा. उडताना एलेव्हेटर बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच असतो. त्यात इंजिनचा कंप. म्हणजे पोटेन्शियोमीटरचा कार्बनचा पट्टा झिजतो तो नेमका मधोमध. म्हणून जुना सर्वो नुसता टोकापासून टोकापर्यंत फिरवून 'पास' करू नये. टेस्टरवर अगदी हळू फिरवायचा, मध्यावर सोडून दोन मिनिटं बघत बसायचं. मग बॅटरी काढून हाताने हलकेच फिरवायचा. प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटला असेल तर बोटाला खटकतं. वायरीही सोलून बघायच्या. काकांच्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची काळी वायर आतून खरोखरच काळी पडली होती, तांबं कुजलेलं. ती, स्विच आणि त्याची वायर सरळ कचऱ्यात.

तीन सर्वो चांगले निघाले. चौथा उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थरथर थांबली. रविवारी उडवायचंच असं मनात होतं... तासाभराने पुन्हा लावला, ठीक. अजून एक तास, आणि पुन्हा तीच थरथर.

सव्वादोन किलोचं विमान, पुढे फिरणारा प्रोपेलर, आणि मैदानाच्या कडेला बघायला जमलेली पोरं. आपण कुठे आहोत हेच ज्याला नक्की कळत नाही, त्या गुलामाच्या हातात एलेव्हेटर द्यायचा? झिजलेला पट्टा स्प्रेने भरून येत नाही. नवा सर्वो मागवला. रविवार गेला.

काकांना फोन केला. क्षणभर गप्प, मग म्हणाले, "शेवटच्या वेळी लँडिंगला थोडं डोलत होतं खरं. मला वाटलं, वारा असेल."

असो. येत्या रविवारी वारा नसेल तर उडवतोय. काकाही येणार आहेत.