ॲनिमेशनपटांच्या लाइव्ह-ॲक्शन पुनर्निर्मितीविषयीचे वाद

गाजलेल्या ॲनिमेशनपटांची अभिनेते, प्रत्यक्ष चित्रीकरण आणि संगणकनिर्मित दृश्ये यांच्या साहाय्याने पुन्हा निर्मिती केली असता चाहते, समीक्षक व कलावंत यांच्यात जे मतभेद होतात, त्यांना ॲनिमेशनपटांच्या लाइव्ह-ॲक्शन पुनर्निर्मितीविषयीचे वाद असे म्हटले जाते. अशी पुनर्निर्मिती पूर्वीही होत असे. तथापि २०१० नंतर अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीने तिला नियमित स्वरूप दिल्यामुळे हे वाद विशेष ठळक झाले. पुनर्निर्मितीची गरज, मूळ कृतीशी निष्ठा, पात्रनिवड, जुन्या कृतींतील पूर्वग्रहांची दुरुस्ती आणि मूळ कलावंतांचा मोबदला हे या वादांतील प्रमुख विषय होत.

शब्दप्रयोग व व्याप्ती

'लाइव्ह-ॲक्शन' ही संज्ञा हाडामांसाच्या नटांना कॅमेऱ्यासमोर उभे करून केलेल्या चित्रपटासाठी वापरतात. पुनर्निर्मितीच्या संदर्भात मात्र ती सैलपणे वापरली जाते. 'द जंगल बुक' (२०१६) या चित्रपटात मोगलीची भूमिका नील सेठी या बालकलाकाराने केली असून प्राणी व अरण्य जवळजवळ संपूर्णपणे संगणकावर घडवलेले आहेत. 'द लायन किंग' (२०१९) मध्ये तर एकही मानवी पात्र नाही. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी सांगितल्यानुसार त्यातील केवळ एक दृश्य, म्हणजे आरंभीचा सूर्योदय, प्रत्यक्ष चित्रित केलेले आहे. त्यामुळे हा चित्रपट लाइव्ह-ॲक्शन मानावा की ॲनिमेशनपट, हाच एक वादविषय झाला. गोल्डन ग्लोब पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या विभागात नामांकन मिळाले, तर ऑस्करसाठी त्याचा विचार दृश्यपरिणामांच्या विभागात झाला.

पार्श्वभूमी

डिस्नेने १९९४ मध्ये 'द जंगल बुक' आणि १९९६ मध्ये ग्लेन क्लोज यांची प्रमुख भूमिका असलेला '१०१ डाल्मेशन्स' हे लाइव्ह-ॲक्शन चित्रपट काढले होते. मात्र खरी लाट आली ती टिम बर्टन दिग्दर्शित 'ॲलिस इन वंडरलँड' (२०१०) या चित्रपटानंतर. त्याने जगभरात १०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. पुढील दशकात कंपनीने आपल्या बहुतेक लोकप्रिय ॲनिमेशनपटांकडे पुन्हा मोर्चा वळवला. एकट्या २०१९ या वर्षात 'डम्बो', 'अलादीन' आणि 'द लायन किंग' असे तीन चित्रपट चित्रपटगृहांत झळकले.

याच काळात डिस्नेमधील हस्तरेखित ॲनिमेशनची परंपरा मागे पडली. 'विनी द पू' (२०११) नंतर कंपनीने चित्रपटगृहांसाठी पूर्ण लांबीचा हस्तरेखित चित्रपट काढलेला नाही. हाताने रेखाटलेल्या कलेचे वैभव ज्या चित्रपटांत दिसते, तेच चित्रपट नव्या तंत्राने पुन्हा काढले जाऊ लागल्याने अनेक चाहत्यांना हा प्रकार त्या कलेचा अवमान वाटला.

निवडक चित्रपट

- ॲलिस इन वंडरलँड : मूळ १९५१, पुनर्निर्मिती २०१०, दिग्दर्शक टिम बर्टन
- सिंड्रेला : मूळ १९५०, पुनर्निर्मिती २०१५, दिग्दर्शक केनेथ ब्रॅना
- द जंगल बुक : मूळ १९६७, पुनर्निर्मिती २०१६, दिग्दर्शक जॉन फॅवरो
- ब्यूटी अँड द बीस्ट : मूळ १९९१, पुनर्निर्मिती २०१७, दिग्दर्शक बिल काँडन
- अलादीन : मूळ १९९२, पुनर्निर्मिती २०१९, दिग्दर्शक गाय रिची
- द लायन किंग : मूळ १९९४, पुनर्निर्मिती २०१९, दिग्दर्शक जॉन फॅवरो
- मुलान : मूळ १९९८, पुनर्निर्मिती २०२०, दिग्दर्शक निकी कॅरो
- द लिटल मर्मेड : मूळ १९८९, पुनर्निर्मिती २०२३, दिग्दर्शक रॉब मार्शल
- स्नो व्हाइट : मूळ १९३७, पुनर्निर्मिती २०२५, दिग्दर्शक मार्क वेब
- लिलो अँड स्टिच : मूळ २००२, पुनर्निर्मिती २०२५, दिग्दर्शक डीन फ्लायशर कॅम्प

वादाचे प्रमुख विषय

१. गरज व मौलिकता

पुनर्निर्मितीच्या विरोधकांचा पहिला आक्षेप असा की, जी कृती आपल्या माध्यमात परिपूर्ण आहे ती दुसऱ्या माध्यमात आणण्याचे प्रयोजन काय? १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला ॲनिमेशनपट होता. अशा चित्रपटाची नवी आवृत्ती काढणे म्हणजे ॲनिमेशन हे खऱ्या चित्रपटाचे केवळ कच्चे रूप आहे असे सुचवणे होय, असे हे चाहते मानतात.

समर्थक याला उत्तर देताना मूळ ॲनिमेशनपटही मुळात रूपांतरेच आहेत याकडे लक्ष वेधतात. सिंड्रेलाची कथा शार्ल पेरोच्या १६९७ मधील संग्रहातून, तर हिमगौरीची कथा ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील संग्रहातून डिस्नेकडे आली. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ मधील कथेत जलपरीला राजपुत्र लाभत नाही. डिस्नेने तिचा शेवट सुखान्त केला. 'द लायन किंग' (१९९४) वर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'ची छाया आहे, आणि ओसामू तेझुका यांच्या सिंहकथेशी असलेल्या साम्यावरूनही दीर्घकाळ वाद झालेला आहे. त्यामुळे 'मूळ' कशाला म्हणावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

२. वास्तवसदृश चित्रण

'द लायन किंग' (२०१९) हे या मुद्द्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. रेखाटलेला सिंह भुवया उंचावू शकतो, हसू व रडू शकतो. खऱ्या सिंहाच्या चेहऱ्याला या हालचाली शोभत नाहीत. वास्तवाशी प्रामाणिक राहिल्यामुळे पात्रांचे चेहरे भावशून्य झाले, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला. प्रेक्षकांचा प्रतिसाद मात्र निराळा होता: चित्रपटाने १६० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. समीक्षकांचा कौल आणि तिकीटखिडकीचा कौल यांतील ही दरी पुढील वादांतही वारंवार दिसते.

३. पात्रनिवड व वंश

जुलै २०१९ मध्ये जलपरी एरियलच्या भूमिकेसाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीची निवड जाहीर झाली. १९८९ च्या चित्रपटातील एरियल गोरी व तांबड्या केसांची असल्याने समाजमाध्यमांवर विरोधाची मोहीम सुरू झाली. तिच्यात मूळ रूपाविषयीचा जिव्हाळा होता, तसाच उघड वंशद्वेषही होता. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली झलक प्रसिद्ध झाल्यावर कृष्णवर्णीय बालिका ती पाहताना आनंदित झाल्याच्या चित्रफिती मोठ्या प्रमाणावर प्रसारित झाल्या आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मूर्त स्वरूपात पुढे आला. प्रदर्शनानंतर आयएमडीबी या संकेतस्थळाला असामान्य मतदान होत असल्याची सूचना चित्रपटाच्या पानावर द्यावी लागली.

'अलादीन'बाबत आक्षेपाची दिशा वेगळी होती. जॅस्मिनची भूमिका करणाऱ्या नेओमी स्कॉट यांच्या मातुल घराण्याचे मूळ गुजराती असल्याने, अरबी वंशाची अभिनेत्री का निवडली नाही असा प्रश्न विचारला गेला. मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया हे प्रदेश परस्परांच्या जागी सहज वापरता येतात, हा समज त्यातून बळावतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

४. जुन्या पूर्वग्रहांची दुरुस्ती

जुन्या चित्रपटांतील काही भाग आज आक्षेपार्ह मानले जातात. नव्या 'डम्बो'मधून कावळ्यांची पात्रे वगळण्यात आली. 'लेडी अँड द ट्रॅम्प' (२०१९) मधील सयामी मांजरांचे गीत बदलण्यात आले. 'अलादीन'च्या आरंभगीतातील एक आक्षेपार्ह भाग तर मूळ चित्रपटातच १९९३ मध्ये बदलला गेला होता.

'स्नो व्हाइट'मधील सात बुटक्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते पीटर डिंक्लेज यांनी बुटक्यांच्या पारंपरिक चित्रणावर टीका केली. त्यानंतर कंपनीने वेगळा मार्ग अवलंबण्याचे जाहीर केले आणि अखेरीस बुटके संगणकावर घडवले. यावर कमी उंचीच्या काही कलावंतांनी, मोठ्या चित्रपटांत मिळणारी मोजकी कामेही हातची गेली, अशी तक्रार केली. दुरुस्ती कोणासाठी व कोणाच्या सल्ल्याने करावी, हा प्रश्न या प्रकरणातून पुढे आला.

५. कथेतील बदल

'मुलान' (२०२०) मधून गाणी आणि मुशू हे विनोदी पात्र वगळण्यात आले. मूळ चित्रपटातील मुलान कष्ट व युक्ती यांच्या बळावर योद्धा होते. नव्या चित्रपटात तिला 'ची' ही आंतरिक शक्ती उपजतच लाभलेली दाखवल्यामुळे कथेचा गाभाच बदलला, अशी टीका झाली. नायिका लिऊ यिफेई यांनी हाँगकाँग पोलिसांना दिलेला पाठिंबा आणि श्रेयनामावलीत शिंच्यांगमधील शासकीय संस्थांचे मानलेले आभार यांवरून बहिष्काराचीही मागणी झाली.

'लिलो अँड स्टिच' (२०२५) च्या शेवटी थोरली बहीण नानी धाकट्या लिलोला शेजारणीच्या पालकत्वाखाली ठेवून शिक्षणासाठी हवाईबाहेर जाते. मूळ चित्रपट दोघी बहिणींनी एकत्र राहण्यासाठी केलेल्या धडपडीचा असल्याने हा शेवट अनेकांना त्याच्या आशयाविरुद्ध वाटला. अनाथ भावंडांची जबाबदारी वाहणाऱ्या तरुणीलाही स्वतःचे आयुष्य असावे, असा प्रतिवाद समर्थकांनी केला. या चित्रपटानेही १०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला.

६. मूळ कलावंतांचा मोबदला

अमेरिकेत चित्रपटलेखकांची संघटना आणि ॲनिमेशन कामगारांची संघटना वेगवेगळ्या आहेत. डिस्नेच्या ॲनिमेशनपटांचे लेखन सामान्यतः दुसऱ्या संघटनेच्या कक्षेत येत असल्याने पुनर्निर्मितीच्या वेळी मूळ लेखकांना मोबदला मिळण्याची तरतूद नसते. 'अलादीन'चे एक सहलेखक टेरी रॉसिओ यांनी याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. चाहत्यांच्या चर्चेत हा मुद्दा तुलनेने कमी येतो.

इतर निर्मितिसंस्था व जपानी ॲनिमे

'द लास्ट एअरबेंडर' (२०१०) मध्ये आशियाई व इन्युइट संस्कृतींवर बेतलेली प्रमुख पात्रे श्वेतवर्णीय नटांना दिल्याने चाहत्यांनी संघटित निषेध केला. 'घोस्ट इन द शेल' (२०१७) मध्ये स्कार्लेट जोहान्सन यांच्या निवडीवर अशीच टीका झाली. १९९५ च्या मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी मात्र त्या निवडीचे समर्थन केले. याउलट नेटफ्लिक्सच्या 'वन पीस' (२०२३) या मालिकेत मूळ निर्माते एइचिरो ओदा यांचा सहभाग होता आणि चाहत्यांनी तिचे स्वागत केले. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' (२०२५) चे दिग्दर्शन मूळ चित्रपटाचे सहदिग्दर्शक डीन डेब्लॉइस यांनीच केले. मूळ कलावंतांच्या सहभागाने विरोध सौम्य होतो, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

भारतातील स्वागत

'द जंगल बुक' हा चित्रपट भारतात ८ एप्रिल २०१६ रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला. मूळ कथांचे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला होता. येथील प्रेक्षकांच्या आठवणीतील मोगली मात्र बहुतांशी डिस्नेचा नव्हता, तर १९९३ पासून दूरदर्शनवर दाखवल्या गेलेल्या जपानी मालिकेतील होता. त्या मालिकेच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज देणारे नाना पाटेकर यांनीच २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही शेरखानला आवाज दिला, आणि गुलजार यांनी लिहिलेले मालिकेचे शीर्षकगीत प्रसिद्धीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. 'द लायन किंग' (२०१९) च्या हिंदी आवृत्तीत मुफासाला शाहरुख खान यांनी, तर टिमॉनला श्रेयस तळपदे यांनी आवाज दिला. बालपणीची 'मूळ' कृती देशागणिक वेगळी असू शकते, हे जंगल बुकच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आर्थिक परिणाम

चाहत्यांचा विरोध आणि चित्रपटाचे उत्पन्न यांत थेट संबंध आढळत नाही. 'ब्यूटी अँड द बीस्ट' व 'अलादीन' यांनी प्रत्येकी १०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. 'द लिटल मर्मेड'चे उत्पन्न सुमारे ५७ कोटी डॉलर होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक उत्तर अमेरिकेतून आले. 'स्नो व्हाइट' मात्र सुमारे २० कोटी डॉलरांवरच थांबला व तोट्याचा मानला गेला. त्याच वर्षी 'लिलो अँड स्टिच'ला मिळालेले यश पाहता, प्रेक्षक पुनर्निर्मितीला कंटाळले आहेत असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

हेही पहा

- ॲनिमेशन
- वॉल्ट डिस्ने
- रुडयार्ड किपलिंग
- ॲनिमे
- परीकथा