उष्णता संक्रमणाची पाठ्यपुस्तके

उष्णता संक्रमणाची पाठ्यपुस्तके : (अभियांत्रिकी). तापमानातील फरकामुळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उष्णता जाण्याच्या क्रियेस उष्णता संक्रमण म्हणतात. ही क्रिया घन पदार्थातून संवहनाने, वाहत्या द्रवाच्या वा वायूच्या योगे संनयनाने आणि माध्यमाशिवाय प्रारणाने होते. एकूण किती उष्णतेची देवघेव होईल, हे ऊष्मागतिकीवरून कळते. ती किती वेळात व केवढ्या पृष्ठभागातून होईल, हे कळत नाही. बाष्पित्र, संघनक, प्रशीतक इ. साधनांचे आकारमान या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे हा विषय पदवी अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे शिकविला जातो.

विषयाचा गणितीय पाया झोझेफ फूर्ये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातला गेला. प्रारणाचा नियम योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडला व लूटव्हिख बोल्ट्समान यांनी १८८४ मध्ये तो सैद्धांतिक रीत्या सिद्ध केला. संनयनाचा प्रश्न मात्र अधिक कठीण होता, कारण त्यात द्रवाची गती व त्याचे तापमान या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो. लूटव्हिख प्रांट्ल यांची सीमास्तराची कल्पना (१९०४) आणि व्हिल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१५ मध्ये केलेला परिमाणरहित संख्यांचा वापर यांमुळे तो आटोक्यात आला. एका नळीवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष निराळ्या व्यासाच्या नळीस व निराळ्या द्रवास लावणे यामुळे शक्य झाले.

अमेरिकेत विल्यम मॅकॲडम्स यांनी १९३३ मध्ये विखुरलेल्या प्रायोगिक माहितीचे संकलन ग्रंथरूपाने केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या १९४२ व १९५४ मध्ये निघाल्या. बर्कली येथे बोल्टर व त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली टिपणे १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जर्मनीतून १९३६ मध्ये अमेरिकेत आलेल्या माक्स याकोप यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९४९ मध्ये व दुसरा, त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये निघाला. हे ग्रंथ प्रामुख्याने संशोधकांना व अभिकल्पकांना उपयुक्त होते. पदवीच्या विद्यार्थ्यास समोर ठेवून लिहिलेल्या पुस्तकांत क्राइथ (१९५८), होल्मन (१९६३) तसेच इन्क्रोपेरा व डेविट (१९८१) यांची पुस्तके विशेष प्रचारात आली. लीनहार्ड यांचे १९८१ मधील पुस्तक पुढे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात विनामूल्य उपलब्ध झाले. भारतात मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील सुहास सुखात्मे यांचे पाठ्यपुस्तक आणि कोथंडरामन व सुब्रमण्यन यांची गुणधर्म-कोष्टकांची पुस्तिका अनेक महाविद्यालयांतून वापरली जातात.

पाठ्यपुस्तक कितीही मान्य असले, तरी त्यातील प्रत्येक सूत्र पारखून घ्यावे लागते. नळीतील संक्षुब्ध प्रवाहासाठी डिटस व बोल्टर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्र हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील ०·०२३ हा गुणांक त्यांच्या १९३० च्या मूळ लेखात नाही. तेथे द्रव तापत असताना ०·०२४३ व थंड होत असताना ०·०२६५ असे दोन गुणांक दिले आहेत. रूढ स्वरूपाचा उगम मॅकॲडम्स यांच्या ग्रंथाच्या १९४२ च्या आवृत्तीत आहे, हे विंटरटन यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. थंड होणाऱ्या द्रवाच्या बाबतीत या दोन गुणांकांत सु. १५ टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय या सूत्राने काढलेल्या उत्तरात २५ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. ग्नीलिन्स्की यांच्या १९७६ च्या सूत्राने ती बरीच कमी होते. उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ही मर्यादा ओळखली नाही, तर त्याने अभिकल्पित केलेला उष्णता विनिमयक अपुरा पडण्याचा धोका असतो.

म्हणून पुस्तक निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक सूत्राची व्याप्ती, म्हणजे रेनल्ड्स व प्रांट्ल संख्यांच्या मर्यादा, स्पष्ट दिली आहे काय, द्रवाचे गुणधर्म सरासरी प्रवाह-तापमानास घ्यावयाचे की पृष्ठभाग व प्रवाह यांच्या मध्यम तापमानास, हे सांगितले आहे काय, आणि उदाहरणांत गृहीतके प्रथम मांडून शेवटी ती तपासली आहेत काय. जुन्या आवृत्त्या वापरताना एककांकडे लक्ष द्यावे लागते. उदा., उष्णता संक्रमण गुणांकाच्या १ किलोकॅलरी/(चौ. मी. तास °से.) या एककाचे मूल्य १·१६३ वॉट/(चौ. मी. केल्व्हिन) इतके असते.

अभ्यास करताना सोडविलेले उदाहरण वाचण्यापूर्वी आकृती काढावी, उष्णतेचा मार्ग रोधांच्या साखळीच्या रूपात मांडावा आणि सर्वांत मोठा रोध कोणता, याचा अंदाज करावा. वाफेने हवा तापविताना जवळजवळ सर्व रोध हवेच्या बाजूस असतो. तेथे वाफेच्या बाजूचा गुणांक दुप्पट केला, तरी एकूण संक्रमणात फारसा फरक पडत नाही. पंखे मात्र हवेच्या बाजूस बसविल्यास लाभ होतो. असा निर्णय कोष्टकावरून मिळत नाही. तो घेण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे, हेच या विषयाच्या चांगल्या पाठ्यपुस्तकाचे मुख्य कार्य होय.